लाल डबी, निळी डबी

१९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबा कंपनीने टोकियोत जाहीर केले की एचडी डीव्हीडी या फॉरमॅटचा व्यवसाय आपण बंद करीत आहोत. अवघ्या दोन वर्षांपूर्वी बाजारात आलेला हा फॉरमॅट त्या दिवशी संपला आणि त्याचा प्रतिस्पर्धी ब्लू-रे मैदानात एकटा उरला. घरी चित्रपट पाहण्यासाठी तयार झालेल्या दोन प्रकारच्या तबकड्यांमधली ही लढत होती. दिसायला दोन्ही सारख्याच, बारा सेंटिमीटर व्यासाच्या. एकीची डबी लाल, दुसरीची निळी. लालवाली निळ्या यंत्रात चालत नसे आणि निळी लाल यंत्रात. साहित्याच्या अभ्यासकाने यात लक्ष घालावे असे काय आहे, ही शंका रास्तच म्हणावी लागेल. माझे म्हणणे इतकेच की एखादी कलाकृती कोणत्या रूपात टिकते, कोणापर्यंत पोचते, आणि हे कोण ठरवते, हा प्रश्न हस्तलिखिते आणि छापील ग्रंथ यांच्याइतकाच चित्रपटांच्या बाबतीतही आपल्या विषयाचा आहे. ‘साहित्य आणि चित्रपट’ ही अभ्यासपत्रिका शिकवताना माझी त्याच्याशी वारंवार गाठ पडते. (‘तबकडी’ हा शब्द आपण ग्रामोफोनसाठी घडवला. तो वाया जाऊ नये म्हणून येथे वापरते आहे. कोणाला डिस्क म्हणायचे असल्यास माझी हरकत नाही.)

आधी या तबकड्यांच्या अंतरंगाविषयी थोडेसे. डीव्हीडी १९९६ साली जपानात विक्रीस आली. आपल्याकडच्या पद्धतीच्या डीव्हीडीत चित्राची एक चौकट ७२० गुणिले ५७६ बिंदूंची असते, म्हणजे चार लाखांहून थोड्या अधिक बिंदूंची. नव्या तबकड्यांत ती १९२० गुणिले १०८० झाली, वीस लाखांच्या पुढे गेली. पाचपट तपशील तेवढ्याच आकाराच्या तबकडीवर मावायचा तर अक्षर बारीक हवे आणि बारीक अक्षरासाठी लेखणीही बारीक हवी. डीव्हीडीची लेखणी म्हणजे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर. नव्या तबकड्यांसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर वापरला गेला. बोरू टाकून बारीक निबेचा टाक उचलावा तसा हा प्रकार होता. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम अर्धवाहक घडवणे अनेक दशके कोणालाच साधले नव्हते. जपानमधल्या इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना ते साधले. निळ्या एलईडीसाठी त्या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

गंमत अशी की ही निळी लेखणी दोन्ही पक्षांची होती. भेद होता तो कागदात. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर जुन्या डीव्हीडीप्रमाणेच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत होता. त्यामुळे डीव्हीडीचे जुने कारखाने थोड्या फेरफाराने कामास आणता येत आणि उत्पादन स्वस्त पडे. ब्लू-रेवाल्यांनी तो थर पृष्ठभागाच्या अगदी लगत, ०.१ मिलिमीटरवर आणला. त्यामुळे अक्षर आणखी बारीक करता आले. एका थरात एचडी डीव्हीडीवर १५ गिगाबाइट मावत, तर ब्लू-रेवर २५. मात्र इतक्या वर आलेल्या थराला ओरखड्याची भीती मोठी. २००३ साली जपानात आलेली पहिली ब्लू-रे ध्वनिचित्रमुद्रण यंत्रे बंद पेटीतल्या तबकड्या वापरत, त्या याच धास्तीने. पुढे कठीण लेप सापडला आणि पेटी गेली. ‘ब्लू’ या शब्दाच्या इंग्रजी वर्णलेखनातले शेवटचे अक्षर नावातून वगळले गेले, कारण भाषेतल्या रोजच्या शब्दाला व्यापारचिन्ह म्हणून हक्क मिळणे कठीण. देवनागरीत लिहिताना ही गाळगूळ दिसतच नाही. आपण निमूटपणे शुद्ध लिहितो.

२००५ मध्ये दोन्ही पक्षांची एकच फॉरमॅट ठरवण्याबाबत बोलणी झाली आणि फिसकटली. एप्रिल २००६ मध्ये तोशिबाचे पहिले एचडी डीव्हीडी यंत्र अमेरिकेत ४९९ डॉलरला आले. जूनमध्ये सॅमसंगचे पहिले ब्लू-रे यंत्र आले, ९९९ डॉलरला. ग्राहकाने यंत्रांची तुलना करून एक उचलावे, इतके हे सरळ असते तर लिहिण्यासारखे काही नव्हते. परंतु चित्रपटसंस्थाच दोन गोटांत वाटल्या गेल्या होत्या. युनिव्हर्सल केवळ लाल गोटात. सोनी, डिस्ने आणि फॉक्स केवळ निळ्या गोटात. वॉर्नर आणि पॅरामाउंट दोन्हीकडे. मौजेची पुस्तके वाचायला एक चष्मा लागावा आणि पॉप्युलरची वाचायला दुसरा, आणि एकाचा चष्मा लावला की दुसऱ्याचे पान कोरे दिसावे, अशी कल्पना करून पाहावी. त्यातही वाटणी कायमची नव्हती. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन यांनी निळा गोट सोडला. त्यासाठी त्यांना मिळून पंधरा कोटी डॉलरचे लाभ देऊ केल्याचे वृत्त तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने दिले होते. त्या करारातून स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केलेले चित्रपट वगळले होते. म्हणजे दिग्दर्शक पुरेसा मोठा असेल तर त्याच्या कृतीचे कागद-शाई कोणती, यात त्याला शब्द होता. बाकीच्यांना नव्हता.

मी त्या काळात पुण्यात तासिका तत्त्वावर शिकवत होते. आमच्या घरी डीव्हीडी यंत्र होते, आणि मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्यामुळे घरात चित्रपटांचा छोटासा संग्रहही होऊ लागला होता. व्हीसीडीची सवय असलेल्यांना आठवत असेल, चित्रपट दोन तबकड्यांत विभागलेला असे आणि ऐन रंगात उठून तबकडी बदलावी लागे. अशा घराला हाय डेफिनिशनचे युद्ध म्हणजे दूरच्या मुलुखातली लढाई. ती जवळ आली माझ्या मावसभावामुळे. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. तो न्यू जर्सीत असतो. त्याने मोठा टीव्ही घेतला आणि कोणते यंत्र घ्यावे या पेचात पडला. मला त्याने तांत्रिक सल्ला विचारला नाही, तेवढा तो शहाणा आहे. “तुला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटतील असे पन्नास चित्रपट लिहून पाठव,” असे त्याने ई-पत्रातून कळवले.

मी मोठ्या उत्साहाने यादी केली. आठवड्याभराने तीच यादी परत आली ती दोन रंगांत. ‘कासाब्लांका’ लाल रंगात मिळत होता. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ निळ्या गोटाच्या मालकीचा होता, पण त्यांनी तो तेव्हा काढलाच नव्हता. कुरोसावा, बर्गमन, राय यांच्या पुढे काहीच रंग नव्हता. आयुष्यभराच्या आवडीची अशी वर्गवारी मी तोवर पाहिली नव्हती. आपण कालखंडानुसार, प्रकारानुसार, दिग्दर्शकानुसार मांडणी करतो. येथे मांडणीचे सूत्र एकच होते, हक्क कोणाकडे. आणि तरीही, खरे सांगायचे तर, त्या यादीने मला चित्रपटविषयक पुस्तकांनी न शिकवलेले काही शिकवले. अभिजात म्हणून आपण ज्यांना एका रांगेत बसवतो त्या कृती बाजाराच्या दृष्टीने कधीच एका रांगेत नसतात.

दादाने नोव्हेंबर २००७ मध्ये लाल यंत्र घेतले. त्या महिन्यात एका मोठ्या दुकानसाखळीने तोशिबाचे यंत्र शंभर डॉलरच्या आत विकायला काढले होते, हे एक कारण झाले. त्याचे खरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याला तबकड्या साताऱ्याला आणायच्या होत्या. मावशी आणि काका तेथे असत, काकांना युद्धपटांचे वेड होते. दादा म्हणाला, “अगं, लाल तबकडीला देशाची अट नाही. इथे घेतली तरी तिथे चालेल.”

देशाची अट ही काय भानगड आहे ते मुद्दाम सविस्तर सांगते, कारण तेव्हाच्या चर्चांत गिगाबाइट आणि डॉलर यांच्या गर्दीत ही बाब कोपऱ्यात पडली होती. डीव्हीडीच्या काळापासून चित्रपटसंस्थांनी जगाचे विभाग पाडले. भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रात चालू नये, अशी योजना. चित्रपट देशोदेशी वेगवेगळ्या तारखांना प्रदर्शित होतात, वितरणाचे हक्क देशवार विकले जातात, ते सांभाळण्यासाठी हे कुंपण. निर्मात्यांच्या बाजूने पाहता त्यात तर्क आहे. ब्लू-रेने हे कुंपण कायम ठेवले, फक्त विभाग कमी करून तीन केले. अमेरिका ‘ए’ मध्ये, युरोप ‘बी’ मध्ये, आणि भारत, चीन, रशिया ‘सी’ मध्ये. कुंपण वापरायचे की नाही, हे प्रत्येक तबकडीच्या प्रकाशकाने ठरवायचे. अनेकांनी ते वापरलेही नाही. एचडी डीव्हीडीच्या बाबतीत मात्र असे कुंपण प्रत्यक्षात कधी आलेच नाही. बाजारात आलेली प्रत्येक लाल तबकडी जगातल्या कोणत्याही लाल यंत्रात चालत असे.

इंग्रजी पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्यांवर ‘केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशी ओळ आपण पाहतो. तीही याच जातीची अट. पण ती ओळ छापलेले पुस्तक लंडनला नेले म्हणून त्याची पाने चिकटत नाहीत. अट विक्रेत्यावर असते, वाचनावर नसते. तबकडीच्या बाबतीत अट थेट वाचनाच्या क्रियेतच शिरली. माझ्या मते हा फरक मोठा आहे, आणि साहित्याच्या माणसाला तो प्रतिमेच्या सुबकतेपेक्षा आधी दिसायला हवा.

१८ डिसेंबर २००७ रोजी वॉर्नरने ‘ब्लेड रनर’चा मोठा संच दोन्ही फॉरमॅटमध्ये काढला. दादाने तो लाल डबीत घेतला. सतरा दिवसांनी, ४ जानेवारी २००८ रोजी, वॉर्नरने लाल गोट सोडत असल्याचे जाहीर केले. लास वेगासचे वार्षिक प्रदर्शन तोंडावर होते. एचडी डीव्हीडीच्या पक्षाला तेथली आपली पत्रकार परिषद रद्द करावी लागली. मग एकेक पान गळू लागले. ११ फेब्रुवारीला नेटफ्लिक्स, १५ फेब्रुवारीला वॉलमार्ट, १९ला खुद्द तोशिबा. त्या दिवशी दादाचे एका ओळीचे पत्र आले, “आता सगळ्या स्वस्तात मिळतील.” आणि त्याने खरोखरच पुढच्या काही महिन्यांत उरलेल्या लाल डब्या ढिगाने गोळा केल्या. त्यांतल्या युद्धपटांनी काकांची शेवटची चार वर्षे आनंदात गेली. साताऱ्याच्या त्या घरात एचडी डीव्हीडी २०१२ पर्यंत जिवंत होती.

या लढतीविषयी बोलताना लोक हटकून बीटामॅक्सचे उदाहरण देतात. सरस होते ते हरले, सुमार होते ते जिंकले, अशी ती गोष्ट. ही गोष्ट मला नेहमी संशयास्पद वाटत आली आहे. सोनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आले तेव्हा त्याची कॅसेट एक तासाची होती. पुढच्या वर्षी आलेल्या व्हीएचएसची दोन तासांची. चित्र कितीही सुरेख असो, ज्या कॅसेटमध्ये चित्रपट मावत नाही ती चित्रपटासाठी सरस कशी? आपल्याकडे तर तीन तासांच्या कॅसेटशिवाय हिंदी चित्रपटाचे भागतच नसे. ‘श्रेष्ठ’ म्हणताना कोणत्या निकषावर, हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून विचारायला शिकवतो. येथेही तो विचारायला हवा. साठवणक्षमता हा निकष धरला तर निळी तबकडी सरस. पण टीकाग्रंथ वाचणाऱ्याच्या निकषावर?

एचडी डीव्हीडीच्या प्रमाणकात पहिल्या दिवसापासून असे बंधन होते की प्रत्येक यंत्राला मुख्य चित्राच्या कोपऱ्यात दुसरे चित्र दाखवता आले पाहिजे. दिग्दर्शक चौकटीच्या एका कडेला दिसतो आणि चालू प्रसंगाविषयी बोलतो, मूळ दृश्य मागे चालूच असते. आपल्या जुन्या पोथ्यांत पानाच्या मध्यभागी मूळ श्लोक आणि वर-खाली बारीक अक्षरात टीका असे, त्याचेच हे रूप. ब्लू-रेने ही सोय नव्या यंत्रांना बंधनकारक केली ती नोव्हेंबर २००७ पासून. आधीची यंत्रे घेतलेल्यांपैकी अनेकांना सटीप आवृत्ती विकत घेऊनही टीप दिसत नसे. तेव्हा सटीप आवृत्तीच्या निकषावर लाल तबकडी पुढे होती, आणि देशांतराच्या निकषावरही. हे निकष जगातल्या मोठ्या बाजारपेठांना महत्त्वाचे वाटले नाहीत, एवढेच.

मग निळी तबकडी जिंकली कशाने? अनेक कारणांपैकी एक तरी साहित्यबाह्यच नव्हे तर चित्रपटबाह्यही आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीचे प्लेस्टेशन ३ आले. ते खेळांचे यंत्र. त्यातच ब्लू-रे वाचणारा लेसर बसवलेला होता. मुलांनी खेळासाठी हट्ट धरला आणि आईबापांच्या नकळत लाखो घरांत ब्लू-रे यंत्र दाखल झाले. मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळयंत्रासाठी एचडी डीव्हीडीचे उपकरण काढले होते, पण ते वेगळे विकत घ्यावे लागे. भटाला ओसरी देणे निराळे आणि भट ओसरीसकट घरात येणे निराळे. एकाच तबकडीवर दोन्ही फॉरमॅट छापण्याची कल्पना वॉर्नरने २००७ च्या आरंभी मांडली होती. ती प्रत्यक्षात उतरली नाही. दोन्ही प्रकार वाचणारी महाग यंत्रे मात्र निघाली आणि फारशी कोणी घेतली नाहीत. बहुसंख्य लोकांनी कोणताच पक्ष घेतला नाही. ते डीव्हीडी पाहत राहिले. या ‘वाट पाहणाऱ्यां’ना त्या काळात सुज्ञ म्हटले गेले. पण जो कोणी वाट पाहत होता त्याच्या वतीनेही निर्णय झालाच, आणि तो करताना त्याला विचारले गेले नाही.

या निर्णयाची माझ्यापुरती किंमत मला आठ वर्षांनी कळली. जुलै १९९३ मध्ये लंडनमधल्या एका प्रयोगशाळेला आग लागली. तीत सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह भाजून निघाल्या. जळके अवशेष लॉस एंजेलिसला अकॅडमीच्या संग्रहालयात जपून ठेवले गेले. वीस वर्षांनी बोलोन्याच्या प्रयोगशाळेत तज्ज्ञांनी त्या आक्रसलेल्या, ठिसूळ झालेल्या फिती पुन्हा लवचीक केल्या, हातांनी दुरुस्त केल्या आणि जेथे फीत उरलीच नव्हती तेथे अन्य प्रतींतून ती जागा भरली. पाठचिकित्सा याहून वेगळी ती काय असते? उपलब्ध पोथ्या मिळवायच्या, कीड लागलेली पाने सांधायची, त्रुटित भाग दुसऱ्या प्रतीवरून पूर्ण करायचा. २०१५ मध्ये न्यूयॉर्कला ही शुद्ध आवृत्ती दाखवली गेली आणि वर्षअखेरीस अमेरिकेतल्या एका प्रकाशनसंस्थेने ती ब्लू-रेवर काढली. दादा पुढच्या खेपेस ती माझ्यासाठी घेऊन आला.

आमच्या अभ्यासपत्रिकेत तेव्हा विभूतिभूषणांची ‘पथेर पांचाली’ ही १९२९ ची कादंबरी अनुवादातून होती आणि तिच्यासोबत १९५५ चा चित्रपट. विभागात नुकतेच ब्लू-रे यंत्र आले होते. मुले जमली, पडदे ओढले, मी तबकडी सरकवली. पडद्यावर एक पाटी उमटली, ही तबकडी आपल्या विभागासाठी नाही. ती ‘ए’ विभागाची होती, आमचे यंत्र ‘सी’ विभागाचे. बंगालमधल्या निश्चिंदीपूर गावाची कथा, बंगाली दिग्दर्शकाने बंगालमध्ये चित्रित केलेली, आणि ती पाहायला भारतीय यंत्राला मज्जाव. वर्गात कोणी हसले, कोणी खरेच चिडले. मला त्या क्षणी साताऱ्याच्या घरातल्या लाल डब्या आठवल्या.

आम्ही जुनी डीव्हीडी लावली. काशफुलांच्या रानातून आगगाडी पाहायला धावणारी भावंडे त्या प्रतीतही धावतात. ओरखडे, पांढुरके आकाश, मधूनच खरखरणारा आवाज यांतूनही तो प्रसंग पोचतो, हे मान्य केले पाहिजे. मी असे कदापि म्हणणार नाही की बिंदू पाचपट झाले म्हणजे रसास्वादही पाचपट होतो. पण शुद्ध प्रत अस्तित्वात आहे, ती टेबलावर समोर पडली आहे आणि ती वाचण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही जाणीव वेगळी. पुढल्या वर्षी दादाने आपले जुने अमेरिकी ब्लू-रे यंत्रच उचलून आणले. ते ११० व्होल्टवर चालणारे. त्यासाठी लोखंडी ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला, तो यंत्राहून जड होता आणि गुणगुणत असे. निश्चिंदीपूरला जायचा आमचा रस्ता असा न्यू जर्सीवरून आणि ट्रान्सफॉर्मरमधून गेला.

विजेत्याचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. २००९ मध्ये तोशिबाने स्वतःच ब्लू-रे यंत्र बाजारात आणले. पण डीव्हीडीने व्हीएचएसला जसे घालवले तसे ब्लू-रेला डीव्हीडीला घालवता आले नाही. ज्या नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २००८ मध्ये निळ्याच्या बाजूने कौल दिला, त्याच नेटफ्लिक्सने युद्ध ऐन भरात असताना, जानेवारी २००७ मध्ये, तबकडीविना इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला आरंभ केला होता. लाल-निळ्याच्या गलबल्यात तिकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. त्यांची टपालाने तबकड्या धाडण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवी ब्लू-रे यंत्रे आणणे थांबवले. २०१६ मध्ये आलेल्या ४के ब्लू-रे तबकड्यांवर विभागाचे कुंपण ठेवलेच नाही. म्हणजे हरलेल्या तबकडीचा एक गुण जिंकलेल्या तबकडीला स्वीकारावा लागला, तोही अशा वेळी की तबकडी घेणारेच मूठभर उरले होते.

माझे आजचे विद्यार्थी चित्रपट मोबाइलवर पाहतात. त्यांना याबद्दल नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. मीही पाहते. पण सत्राच्या आरंभी जो चित्रपट एका मंचावर उपलब्ध होता तो परीक्षेच्या आधी तेथून नाहीसा झाला, असे गेल्या काही वर्षांत दोनदा घडले. तेव्हा अंतर्गत मूल्यमापनाचा प्रश्न बदलावा लागला. विभागाचे कुंपण तेथेही आहे, किंबहुना अधिक उंच आहे. फक्त पाटी उमटत नाही. जे आपल्या देशात नाही ते यादीतच नसते, त्यामुळे काही अडले आहे हे कळतच नाही.

‘ब्लेड रनर’चा तो लाल संच दादाने मला देऊन टाकला आहे. १९८२ ते २००७ या पंचवीस वर्षांत या चित्रपटाचे जे पाठ तयार झाले त्यांतले पाच त्यात आहेत. त्यांपैकी तीन पाठ एकाच तबकडीवर बसवले आहेत. समान दृश्ये एकदाच साठवायची आणि जेथे पाठभेद आहे तेथे यंत्राने निवडलेल्या पाठाच्या वाटेने जायचे, अशी ती रचना. संशोधित आवृत्तीत वर संहिता आणि तळाला पाठभेद देतो त्याचेच हे चालते-बोलते रूप. आमच्या भौतिकशास्त्र विभागातल्या एका सरांना जुन्या यंत्रांचा नाद आहे. दादाच्या तळघरात पडलेले, मायक्रोसॉफ्टच्या खेळयंत्रासाठीचे ते जोड-उपकरण त्यांनी एका जुन्या संगणकाला जोडून चालू केले. त्याला यूएसबीची तार असल्यामुळे ते जमले.

गेल्या सत्रात आम्ही १९८२ चा पाठ आणि १९९२ चा पाठ लागोपाठ पाहिले, आरंभीची वीस-वीस मिनिटे. पहिल्यात नायक स्वतः निवेदन करतो. दुसऱ्यात दिग्दर्शकाने ते निवेदन पूर्ण काढून टाकले आहे. चित्र तेच, पाऊस तोच, पण शहर एकदम अनोळखी होते. मुलांत लगेच दोन तट पडले. निवेदन गेल्याने नायक गूढ झाला असे एका मुलीचे म्हणणे. मागच्या बाकावरून कोणी विचारले, मग ‘कोसला’मधून पांडुरंग सांगवीकरचे निवेदन काढून टाकले तर? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “तर होस्टेलची खोली उरेल आणि मेसचे बिल.” त्यावर जो वाद सुरू झाला तो पुढच्या तासाच्या इतिहासाच्या सरांनी दारावर टकटक करेपर्यंत चालला.